तीनशे बारा खिळ्यांचं पिंप

इंदुताई कंधारकरांना कुठल्याही कागदावरचा रिकामा रकाना बघवत नसे. धोब्याच्या वहीत 'रुमाल' या शब्दापुढे काही नसलं, तर त्या निदान एक आडवी रेघ तरी मारून येत. त्यामुळे एकोणीसशे एकोणपन्नासच्या डिसेंबरात मुख्याध्यापिका सुशीलाबाईंनी त्यांच्यापुढे एक छापील नमुना ठेवला, त्यात सात रकाने होते आणि त्यातले चार रिकामे होते, तेव्हा इंदुताई तीन वेळा उठल्या, तीन वेळा पाणी प्यायल्या, आणि चौथ्यांदा उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

शाळा हैदराबादेत नारायणगुड्यातली, मुलींची, मराठी. इंदुताई पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्या, आणि त्या शाळेत आठवड्याचे अठरा तास काजं करायला शिकवत. शाळेत सायन्सचा वर्गच नव्हता, तर त्या दुसरं काय शिकवणार? आता अकरा मुलींनी सायन्स घेऊ म्हणून नावं दिली होती आणि हा नमुना त्या वर्गाच्या मंजुरीसाठीचा होता. वर्गाला मंजुरी मिळाली तर त्या अकरा जणी फळ्यावर तरफ आणि कप्पी काढणार. नाही मिळाली तर अकराच्या अकरा रुमालावर मोर काढणार. इंदुताईंनी आजवर तपासलेल्या मोरांची संख्या दोनशेच्या वर गेली होती.

निजामाच्या जुन्या अमलातले नमुने उर्दूत असत. त्यात काय विचारतात आणि काय लिहायचं हे सुशीलाबाईंना पाठ होतं. बहुतेक ठिकाणी 'मुनासिब', म्हणजे 'योग्य', लिहिलं की भागायचं. हा नमुना इंग्रजी होता. तो मद्रासहून आला होता की मुंबईहून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ज्यानं तो तयार केला त्याच्या गावी पाऊस चांगला होत असावा, कारण पाचव्या रकान्यात विचारलं होतं : आवारात हिरवळ आहे काय? असल्यास तिची स्थिती.

"इंदुताई," सुशीलाबाई म्हणाल्या, "प्रयोगशाळा आपल्याकडे नाही. तराजू आहे, पण तो एकाच बाजूला झुकतो. लोहचुंबक आहे, पण ते काही ओढत नाही. हिरवळ मात्र आहे."

"होती," इंदुताई म्हणाल्या.

हे खरं होतं. शाळेच्या बंगल्यापुढे हरळीचा चांगला चौक होता. पण शाळेच्या ऑफिसात रेडिओ होता, आणि पंधरा महिन्यांपूर्वी भारताच्या फौजा हैदराबादेत आल्या त्या आठवड्यात सगळा मोहल्ला बातम्या ऐकायला त्या हिरवळीवर येऊन बसला. बातम्या संपल्या, संस्थान विलीन झालं, पण माणसं काही उठली नाहीत. दर संध्याकाळी येऊन बसायची त्यांना सवयच लागली. सव्वा वर्ष बसून बसून त्यांनी ती जमीन तव्यासारखी घट्ट केली. मोहल्ल्याला स्वातंत्र्य मिळालं आणि हरळीचा श्वास कोंडला.

इंदुताईंनी आधी प्रयोग केला. डालडाच्या डब्याचा तळ कापला, डबा जमिनीत चार बोटं ठोकला, तांब्याभर पाणी ओतलं आणि घड्याळ घेऊन बसल्या. पन्नास मिनिटांनी पाणी जवळजवळ तेवढंच होतं आणि त्यात एक मुंगळा पोहत होता.

"पाणी जात नाही म्हणजे हवाही जात नाही," त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला म्हणाल्या. "मुळं गुदमरतायत. जमिनीला भोकं पाडली पाहिजेत."

मुकुंदराव कोर्टात तर्जुमा, म्हणजे कागदांचं भाषांतर, करत. इतकी वर्षं उर्दूतून उर्दूतच सोपं करून द्यायचं काम होतं. आता इंग्रजीत द्यायचं होतं आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते स्पेलिंगं पाठ करत होते. जुन्या नोकरांच्या कागदांची छाननी चालू असल्यामुळे आपलं नाव कुठल्याही कारणानं कुठल्याही कागदावर येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"अगं, मग पाड की. खुरपं घे आणि पाड."

"तेवढ्या जागेत वीस हजार भोकं लागतील. हिशेब केलाय मी."

मुकुंदरावांनी पुस्तकात डोकं खुपसलं.

शाळेच्या शेजारी एकनाथराव राहत. ते आबपाशी, म्हणजे पाटबंधारे, खात्यातून पेन्शनीत निघालेले होते आणि कुंपणावर कोपरं टेकून सल्ला देणं हे त्यांचं हल्लीचं काम होतं. "ताई, नांगर घाला," ते म्हणाले. नांगर घातला तर हिरवळ राहणार नाही, हे इंदुताईंनी दाखवून दिल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "मग अर्धा नांगर घाला."

इंदुताईंनी नांगर घातला नाही. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं एक रिकामं पिंप त्यांनी मिळवलं, आणि कागदावर नकाशा काढला : पिंपाच्या घेरात चोवीस ओळी, एकेका ओळीत तेरा, असे एकंदर तीनशे बारा खिळे, आतून बाहेर काढलेले, चार बोटं लांब. मधून लोखंडी नळीचा आस, त्याला दोर बांधायचा. ओढत न्यायचं, की आपोआप भोकं.

नकाशा घेऊन त्या यादगिरी लोहाराकडे गेल्या.

"अम्मा, इत्ते खिले कायकू?" यादगिरीनं विचारलं. "मोहल्ले में चोरां भोत हो गए क्या?"

"जमिनीत हवा सोडायचीय."

यादगिरीनं एकदा आभाळाकडे पाहिलं. हवा तिथे पुष्कळ होती. मग त्यानं एकदा इंदुताईंकडे पाहिलं आणि घरी कोणी मोठं माणूस आहे का, असं फार अदबीनं विचारलं. तरीसुद्धा काम त्यानं चोख केलं. आठ दिवसांनी पिंप हातगाडीवरून शाळेत आलं तेव्हा वाटेतल्या तीन घरांनी आपली मुलं आत घेतली होती.

पहिल्या दिवशी शाळेतली कामाची बाई चतुराबाई आणि इंदुताई यांनी दोन बाजूंनी दोर धरले. पिंप निघालं. ते खिळ्यांच्या टोकांवर तोल सावरत, एखाद्या पाहुण्याबाईनं चिखलातून लुगडं उचलून चालावं तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मागे एकही भोक नव्हतं.

"बाई, लई हलकं चालतंय," चतुराबाई कौतुकानं म्हणाली.

इंदुताई जागच्या जागी थांबल्या. वजन खिळ्यांत वाटलं जातं! खिळे जितके जास्त, तितका एकेकावरचा भार कमी. खिळ्यांच्या फळीवर निजणाऱ्या फकिराला काही होत नाही ते यामुळेच, आणि फकिराचं हे उदाहरण त्यांनी स्वतः कॉलेजात असताना बक्षिसाच्या निबंधात लिहिलं होतं. तीनशे बारा खिळे मोजून मारताना ते आठवू नये याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या चौकाला दोन फेऱ्या मारून आल्या.

मग वजन वाढवायचं ठरलं. पाणी सर्वांत सोपं. वीस घागरी ओतल्या. पण खिळा तिथे भोक, आणि भोक तिथे फट. पिंप जागेवर होतं तोवर नुसतं ठिबकत होतं. ओढायला सुरुवात केल्याबरोबर त्याच्या सगळ्या अंगातून तुषार उडाले आणि आठवीच्या मुली किंचाळत खिडक्यांतून बाहेर आल्या.

"वाहवा!" कुंपणावरून एकनाथराव म्हणाले. "ताई, चोवीस वर्षं आबपाशीत काढली, पण पाणी देण्याचं इतकं सुंदर यंत्र बघितलं नाही."

"हे पाणी देण्याचं यंत्र नाही."

"तेच तर कौतुक."

"पण जमीन ओली झाली, बरं का," चतुराबाई म्हणाली.

"वाळू दे चांगली," इंदुताई म्हणाल्या. ओल्या मातीनं खिळे बरबटतील, ही त्यांना काळजी. दोन दिवस जमीन वाळवून त्यांनी पुन्हा टणक करून घेतली.

पाणी नाही तर दगड. हैदराबादेत दगड शोधायला जावं लागत नाही. ते आधीपासून आलेले असतात. पिंप दगडांनी भरलं, झाकण ठोकलं, आणि आता ते दोघींना हलेना म्हणून सायन्सच्या त्या अकरा मुली दोराला लागल्या. पिंप निघालं. आत दगड आसावर आपटू लागले आणि जो आवाज उठला तो नारायणगुड्यानं पंधरा महिन्यांत ऐकला नव्हता. समोरच्या घराची दारं धडाधड बंद झाली. एकनाथराव कुंपणावरून दिसेनासे झाले. पण खिळे आत जात होते! अर्धं बोट, क्वचित एक बोट. पण भोकं पडत होती.

"पडतायत!" इंदुताई ओरडल्या. त्या सहसा ओरडत नसत. काय झालं म्हणून अकराही मुली दोर सोडून बघायला आल्या.

चौकाला फाटकाकडे उतार होता. किती, ते इंदुताईंनी नंतर मोजलं : वीस फुटांना एक. मोजायची गरज उरली नव्हती. पिंप सावकाश निघालं, मग निघालं, मग गडगडलं. फाटकातून बाहेर पडलं, रस्ता ओलांडला, आणि समोरून तीन घरं खाली पोलीस चौकी होती तिच्या आवारात शिरून, जमादार महबूबअलींची सायकल आडवी करून, तिच्या दोन्ही चाकांवर चढून थांबलं. कोणाला लागलं नाही. सायकलीला मात्र तेरा ठिकाणी लागलं. ओळीत, सारख्या अंतरावर.

शहरात हत्यारबंदी होती. भाले, जंबिये, तलवारी घरोघर हिंडून जमा केल्या होत्या. पण हत्यार आपल्या पायांनी चालत चौकीत हजर झाल्याचं महबूबअलींच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं हे पहिलं उदाहरण होतं. त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला आणि मुकुंदरावांना कोर्टातून बोलावून घेतलं.

मुकुंदराव आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"साब, ये आपका है?"

"नाही! माझा याच्याशी काडीचाही संबंध नाही!"

"पर बनाए तो आपिच होंगे," जमादार समजुतीनं म्हणाले आणि लिहू लागले.

"मी बनवलंय," इंदुताई म्हणाल्या.

"अम्मा, आप बैठो. चाय मंगाता हूँ."

"चहा नको. बनवणाऱ्याच्या रकान्यात तुम्ही यांचं नाव लिहिलंत. ते खोडा."

जमादारांनी टाक खाली ठेवला. "अम्मा, समझो जरा. जुर्म लग सकता है. औरत के नाम पे हथियार कायकू लिखना?"

"लागू दे. चोवीस ओळी माझ्या आहेत, अंतर माझं आहे, आस मी बसवलाय. यांना विचारा, एका ओळीत किती खिळे आहेत?"

जमादारांनी मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदरावांनी जमिनीकडे पाहिलं. "दहा?" ते म्हणाले.

"बघा," इंदुताई म्हणाल्या.

नाव खोडलं गेलं. मुकुंदरावांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आणि अपमानाचा भाव एकाच वेळी आला. अशी मिश्रणं फार वेळ टिकत नाहीत, आणि घरी पोचेपर्यंत त्यात फक्त अपमान उरला. "दहा आणि तेरात असा कितीसा फरक आहे?" ते वाटेत एवढंच म्हणाले.

मग खिळे मोजायचं काम झालं. दोन शिपायांनी मोजले : एकदा तीनशे नऊ आले, एकदा तीनशे चौदा. इंदुताईंनी चोवीस गुणिले तेरा करून दाखवलं, पण सरकारी मोजणीत गुणाकार चालत नाही असं ठरलं आणि पंचनाम्यात 'अंदाजन तीनशे' असं पडलं. त्या शब्दानं इंदुताईंना आठवडाभर त्रास दिला.

चौकीवर नवे साहेब आले होते, मद्रासकडचे. त्यांनी शेरा मारला की हे हत्यार नसल्याचा दाखला संबंधित खात्याकडून आणावा. संबंधित खातं कुठलं, हे शोधत इंदुताई टांग्यातून हिंडल्या. शेती बघणाऱ्या दफ्तरात सांगितलं, हरळी हे पीक नाही, तण आहे. तण वाढवण्याच्या अवजाराची आमच्याकडे नोंद नाही. शाळा बघणाऱ्या दफ्तरात सांगितलं, मंजूर साहित्याच्या यादीत पिंप नाही. रस्ते बांधणाऱ्या दफ्तरात मात्र एक कारकून फार आस्थेनं ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "बाई, पिंप डांबराचं होतं म्हणता? मग ते आमचं आहे."

इंदुताई तिथून उठल्या ते सरळ चौकीत आल्या.

नमुन्यातले रकाने ताडून बघायला इन्स्पेक्ट्रेसबाई येणार होत्या; ती तपासणी वीस जानेवारीला होती. हातात तीन आठवडे होते. पिंप चौकीत, हिरवळ शाळेत, आणि इंदुताई रोज मधल्या सुट्टीत चौकीच्या कट्ट्यावर. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. नव्या साहेबांनी जमादारांना हुकूम दिला होता की या वस्तूनं नेमकी इजा काय होते ती चालवून बघा आणि रिपोर्ट द्या. त्यामुळे जमादार आणि दोन शिपाई रोज चौकीच्या अंगणात, तिथल्या वाळक्या हरळीवर, पिंप ओढत होते. वाकडंतिकडं! एकाच जागी चार चार वेळा!

इंदुताईंना बघवेना. "जमादारसाहेब, सरळ ओढा. आधीच्या ओळीला चिकटून."

"अम्मा, ये सरकारी इम्तिहान है."

"असू दे. परीक्षा सरळ रेषेत घ्या."

तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरी गोष्ट दिसली आणि त्या कट्ट्यावरून उभ्या राहिल्या. घोड्याच्या हौदाचं पाणी अंगणाच्या अर्ध्या भागात सांडत असे. त्या ओल्या भागात खिळे पुरे चार बोटं जात होते आणि स्वच्छ बाहेर येत होते. कोरड्या भागात अर्धं बोट. शाळेत आपण पाणी पडलेली जमीन दोन दिवस उन्हात वाळवली! आबपाशीतल्या एकनाथरावांनी ही चूक केली नसती. चतुराबाईनं तर नक्कीच केली नसती. फकिरानंतर ही दुसरी. इंदुताई अंगणाला तीन फेऱ्या मारून आल्या आणि त्या दिवसापासून हुकूम सोडू लागल्या : आज पाणी, उद्या पिंप, परवा विश्रांती. ओल्या अर्ध्या भागातच ओढायचं. उरलेल्या अर्ध्याला पाणी तेवढंच द्यायचं, पण पिंप लावायचं नाही.

"वो आधा कायकू छोड़ना?" जमादारांनी विचारलं.

"तुलना करायला."

जमादारांना ते पटलं. मोहल्ल्यातल्या भांडणातसुद्धा त्यांना दुसरी बाजू लागत असे. त्यांचा रिपोर्ट साहेबांकडे गेला : इजा जमिनीला होते, इतर कोणाला नाही, आणि जमिनीची तक्रार नाही. साहेबांनी त्यावर 'चर्चा करावी' असं लिहिलं. पिंप सुटलं नाही.

इंदुताईंनी शाळेतल्या हिरवळीला मग खुरप्यानं भोकं पाडायला घेतली. रोज दोनशे पडत. वीस हजारांना किती दिवस लागतील हे त्यांना कळत होतं, म्हणून त्या भागाकार करायचं टाळत होत्या. पण सुशीलाबाईंच्या आग्रहानं पाणी रोज दिलं जात होतं, इथे तिथे हिरवं दिसू लागलं होतं, आणि रकान्यात 'बरी' असं लिहिता येईल अशी आशा वाटत होती.

वीस तारखेला सकाळी इंदुताई शाळेत शिरल्या आणि फाटकात थबकल्या. हिरवळ नव्हती. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सगळा चौक शेणानं सुरेख सारवला होता. हाताची अर्धवर्तुळं एकसारखी, कुठे ठिपका सुटला नव्हता, आणि मधोमध पाच हात लांबीची रांगोळी होती : सूर्य, चंद्र, आणि तिरंगा.

चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "पहाटपासनं लागले व्हते," ती म्हणाली. "मोठी साहेबीण येणार, अन् अंगणात समदी भोकं भोकं! बुजवली समदी. एक ठेवलं नाही."

सुशीलाबाई पायरीवर बसल्या होत्या. "इंदुताई, तिला काही बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "चार पाट्या शेण तिनं स्वतः आणलंय."

इंदुताईंनी वाकून शेणावर बोट दाबून पाहिलं. हवाबंद करायला याहून चांगला लेप त्यांनासुद्धा सुचला नसता.

इन्स्पेक्ट्रेसबाई साडेदहाला आल्या. नागपूरकडच्या, उंच, खादीचं पातळ नेसलेल्या. हातात तोच नमुना. त्यांनी झुकणारा तराजू पाहिला, न ओढणारं लोहचुंबक पाहिलं. मग व्हरांड्यात येऊन रांगोळी पाहिली.

"रांगोळी छान आहे," त्या म्हणाल्या. "हिरवळ कुठे आहे?"

सुशीलाबाईंनी इंदुताईंकडे पाहिलं. अकरा मुली दाराआडून बघत होत्या. इंदुताईंनी पदर खोचला.

"पोलीस चौकीत," त्या म्हणाल्या. "चला, दाखवते."

पुढे इंदुताई, मागे इन्स्पेक्ट्रेसबाई, त्यांच्यामागे सुशीलाबाई, मग रांगेनं अकरा मुली, शेवटी हातात डालडाचे दोन बिनबुडाचे डबे घेतलेली चतुराबाई, आणि कुंपण ओलांडून आलेले एकनाथराव, अशी मिरवणूक चौकीत शिरली तेव्हा महबूबअलींना मोर्चाच आला असं वाटून त्यांनी आधी टोपी घातली.

अंगण दोन तुकड्यांत होतं. डावीकडे भेगाळलेली, करडी जमीन. उजवीकडे, बरोबर पिंपाच्या शेवटच्या ओळीपासून, बोटभर उंच हरळी, इतकी हिरवी की साहेबांचा घोडा दोरी ताणून तिकडे बघत होता.

"घोड्याच्या हौदाचं पाणी दोन्हीकडे सारखं दिलंय," इंदुताई म्हणाल्या. "पंधरा दिवसांपासून. बादल्या मोजून."

"मैं गवाह हूँ," जमादार म्हणाले.

इंदुताईंनी दोन्ही तुकड्यांत एकेक डबा ठोकला. मुलींनी पाणी ओतलं. उजवीकडचं पाणी सहा मिनिटांत दिसेनासं झालं. डावीकडचं तसंच राहिलं. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी आपलं घड्याळ काढून हातात धरलं होतं. त्यांनी ते परत ठेवलं नाही. त्या उकिडव्या बसल्या आणि त्यांनी अकरातल्या एकीला विचारलं, "असं का होतं गं?"

मुलगी घाबरली, मग बोलली. मग दुसरी बोलली. तिसरीनं दुसरीला खोडलं. दहा मिनिटं चौकीच्या अंगणात सायन्सचा जो वर्ग अजून मंजूर झाला नव्हता तो चालला, आणि इंदुताईंना एकदाही मध्ये बोलावं लागलं नाही. त्या आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभ्या होत्या.

"पाचव्या रकान्यात काय लिहू?" इन्स्पेक्ट्रेसबाई उठत म्हणाल्या. "'हिरवळ उत्तम, परंतु अटकेत'?"

त्यांनी काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही. हुकूम मात्र आठ दिवसांत आला. सायन्सचा वर्ग एक वर्षासाठी मंजूर. अट एकच, वर्षाच्या आत प्रयोगशाळेचं किमान साहित्य उभं करावं. सोबत यादी होती : काचेच्या बरण्या, नरसाळी, तापवण्याची भांडी, वाफ थंड करण्याचं उपकरण. सुशीलाबाईंनी यादी वाचली आणि डोकं धरलं. इंदुताईंनी यादी घडी करून कमरेला खोचली आणि पिंपाचं काय झालं ते विचारायला चौकीत गेल्या.

महबूबअली जप्तीच्या खोलीत होते. इंदुताई दारात थांबल्या. आत धाड घालून आणलेला हातभट्टीचा माल रचून ठेवला होता : दोन मोठी तांब्याची भांडी, सहा काचेच्या बरण्या, नरसाळी, आणि वर लटकत असलेलं, नऊ वेढ्यांचं, सुरेख वळवलेलं तांब्याच्या नळीचं एक वेटोळं.

इंदुताईंनी वेढे पुन्हा एकदा मोजले.

"जमादारसाहेब," त्या म्हणाल्या, "हे कोणाचं आहे हो?"

महबूबअलींनी त्यांच्याकडे पाहिलं, वेटोळ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईनं दार लावून घेण्यासाठी उठले. पण इंदुताई तोपर्यंत आत आल्या होत्या.